इसवी सन १८३३ : इंग्लंडच्या इतिहासांतील एक वर्ष

(मंडळींत एकत्र वाचण्यासाठीं अभ्यासपाठ)

इतिहास शिकण्याचे अनेक मार्ग आहेत. कोणी राजांच्या वंशावळीवरून शिकतो, कोणी लढायांवरून शिकतो. एखादें एकच वर्ष हातीं घ्यावें, त्या वर्षीं एका देशांत काय काय घडलें व कोण कोण मरण पावले हें क्रमानें पाहावें, हाहि एक उपयुक्त मार्ग आहे. एरवीं निरनिराळ्या पुस्तकांत विखुरलेल्या गोष्टी त्यामुळें एकमेकींशेजारीं येतात, आणि एकीचा प्रकाश दुसरीवर पडतो. ह्या पाठांत आपण इंग्लंड देशाचें १८३३ हें वर्ष घेऊं.

त्या वर्षीं इंग्लंडच्या गादीवर चवथा विल्यम राजा होता व अर्ल ग्रे हे मुख्य प्रधान होते. देश कोणत्याहि मोठ्या युद्धांत गुंतला नव्हता. आदल्या वर्षीं, म्हणजे १८३२ सालीं, पार्लमेंटच्या निवडणुकीची पद्धति सुधारण्यांत आली होती. त्यापूर्वीं मँचेस्टरसारख्या मोठ्या शहरास स्वतःचा एकहि प्रतिनिधि नव्हता, आणि ओल्ड सेरम नांवाच्या ओसाड टेकडीस मात्र दोन होते. नव्या पद्धतीनें निवडलेलें पहिलें पार्लमेंट १८३३ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस भरलें. बहुतेक कामकरी लोकांस व सर्व स्त्रियांस मताचा अधिकार अजून नव्हताच. तरी ह्या पार्लमेंटनें केलेले तीन मोठे कायदे ऑगस्टच्या शेवटीं दोन दिवसांत राजाच्या संमतीनें पक्के झाले. ता. २८ रोजीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा व हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा कायदा, आणि ता. २९ रोजीं गिरण्यांतील मुलांविषयींचा कायदा.

ज्यांच्या हितासाठीं हे कायदे झाले त्यांच्या पदरीं प्रत्यक्ष काय पडलें, आणि ज्यांनीं त्यांसाठीं आयुष्य वेंचलें त्यांस काय पाहावयास मिळालें, हा ह्या पाठाचा विषय आहे.

१. गुलामगिरीचा कायदा

वेस्ट इंडीज बेटें, दक्षिण आफ्रिकेंतील केप वसाहत, मॉरिशस इत्यादि ब्रिटिश वसाहतींत त्या वेळीं सुमारें ८ लक्ष गुलाम होते. ऊंसाच्या मळ्यांवर त्यांस जनावरांप्रमाणें राबविलें जाई. आईबाप एकाला व मुलें दुसऱ्याला विकलीं जात. आफ्रिकेंतून नवे गुलाम आणण्याचा व्यापार १८०७ सालींच बंद झाला होता, परंतु जे आधींच गुलाम होते ते गुलामच राहिले होते.

इंग्लंडांतील लोकमत जागें होण्यास गुलामांचीं स्वतःचीं कृत्येंहि कारण झालीं, हें विसरूं नये. जमेका बेटांत सॅम्युएल शार्प नांवाचा एक गुलाम बॅप्टिस्ट मंडळींत डीकन होता. त्यास वाचतां येत असे. वेतन मिळाल्यावांचून नाताळानंतर कोणीं कामास जाऊं नये, असें १८३१ सालीं त्यानें आपल्या बांधवांस शिकविलें. त्यांतून मोठें बंड उद्भवलें. गोरे लोक सुमारें १४ मेले. उलट तीनशेंहून अधिक गुलामांस देहान्त शिक्षा झाली. शार्प यास १८३२ च्या मे महिन्यांत माँटेगो बे येथें फांशीं देण्यांत आलें. मळेवाल्यांच्या जमावांनीं तेथील कित्येक प्रार्थनामंदिरें जाळलीं. विल्यम निब नांवाचे बॅप्टिस्ट मिशनरी तेथून इंग्लंडास आले आणि त्यांनीं गांवोगांव सभा घेऊन डोळ्यांनीं पाहिलेलें सांगितलें.

ह्याचा परिणाम असा झाला कीं, १८३३ सालीं पार्लमेंटकडे पांच हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांपैकीं एका अर्जावर केवळ स्त्रियांच्या सुमारें १ लक्ष ८७ हजार सह्या होत्या. तो इतका अवजड होता कीं चार सभासदांनीं मिळून तो सभागृहांत आणला. ज्यांस स्वतःचें एक मत नव्हतें त्यांनीं अशा रीतीनें आपलें मत ऐकविलें. सभागृहांत ह्या पक्षाचे पुढारी थॉमस फॉवेल बक्स्टन हे होते.

आतां कायद्यांत काय होतें तें पाहूं. १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी बंद व्हावयाची होती. सहा वर्षांखालील मुलें तत्काळ मोकळीं झालीं. बाकीच्यांस मात्र 'उमेदवार' असें नवें नांव देऊन त्याच धन्याकडे कांहीं वर्षें बांधून ठेवण्यांत आलें. शेतांत काम करणारांस सहा वर्षें व इतरांस चार. आठवड्यास ४५ तासपर्यंत त्यांनीं विनावेतन राबावें असें ठरलें. नुकसानभरपाई म्हणून २ कोटि पौंड मंजूर झाले. ही रक्कम सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या सुमारें दोन पंचमांश होती. परंतु ती कोणास? गुलामांस नव्हे, तर त्यांच्या मालकांस! सुमारें ४६ हजार दावे दाखल झाले. दावेदारांत मोठे जमीनदार होते, तसेच धर्मगुरु व विधवाहि होत्या. पिढ्यान् पिढ्या फुकट राबलेल्या माणसांस एक पैहि मिळाली नाहीं. ह्या भरपाईसाठीं काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश सरकारनें २०१५ सालीं फेडला.

आणखी एक गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख ह्या कायद्यांतून वगळलेला होता. म्हणून हिंदुस्थानांत गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ सालच्या ५ व्या कायद्यानें काढून घेईपर्यंत दहा वर्षें गेलीं. आणि गुलाम बाळगणें हा अपराध १८६० च्या पीनल कोडानेंच ठरला.

'उमेदवारी'चें खरें रूप लवकरच उघड झालें. जोसेफ स्टर्ज नांवाचे बर्मिंगहॅमचे एक क्वेकर धान्यव्यापारी स्वतः वेस्ट इंडीजला जाऊन चौकशी करून आले. जमेकांत तुरुंगांतील पायचक्कीवर उमेदवारांस, स्त्रियांससुद्धां, चढवून फटके मारीत, हें लोकांस कळलें. पुन्हां अर्ज गेले, पुन्हां सभा झाल्या, आणि १ ऑगस्ट १८३८ रोजीं ही उमेदवारीहि संपली. खरी सुटका त्या दिवशीं झाली.

२. विल्यम विल्बरफोर्स यांचा मृत्यु

गुलामांच्या सुटकेचा प्रश्न पार्लमेंटांत प्रथम नेटानें मांडणारे विल्यम विल्बरफोर्स हे हल शहराचे राहणारे. त्यांचा जन्म १७५९ सालीं झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांचें पहिलें मोठें भाषण १७८९ च्या मे महिन्यांत झालें. १७९१ सालीं त्यांचा ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनीं फेंटाळला गेला. तरी ते वर्षानुवर्ष तोच प्रश्न पुढें आणीत राहिले, आणि सोळा वर्षांनंतर, १८०७ सालीं, तो व्यापार बंद झाला. प्रकृति ढासळल्यामुळें १८२५ सालीं त्यांनीं पार्लमेंट सोडलें. आयुष्याच्या शेवटीं एका मुलाच्या व्यवहारांत त्यांची बहुतेक संपत्ति गेली, आणि म्हातारपणीं स्वतःचें घर सोडून ते आपल्या मुलांच्या घरीं आळीपाळीनें राहूं लागले.

मराठी ख्रिस्ती मंडळीचा व त्यांचा एक संबंध आहे. १८१३ सालीं कंपनीची सनद नवी करण्यांत आली तेव्हां मिशनऱ्यांस हिंदुस्थानांत येण्याची वाट मोकळी करणारें कलम मंजूर व्हावें म्हणून विल्बरफोर्स झटले. त्याच वर्षाच्या आरंभीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले होते व त्यांस देश सोडण्याचा हुकूम झाला होता. पुढें त्यांस राहण्याची परवानगी मिळाली.

१८३३ च्या जुलै महिन्यांत विल्बरफोर्स लंडनमध्यें आजारी पडले. ता. २६, शुक्रवारीं, त्यांच्या बिछान्यापाशीं वार्ता आली कीं बिल कॉमन्स सभेंत पार पडणार हें आतां निश्चित झालें. ही वार्ता ऐकून त्यांनीं देवाचे आभार मानले. सोमवारीं ता. २९ रोजीं पहाटे ते मरण पावले. बहीण व मुलगी जेथें पुरल्या होत्या तेथें आपणांस पुरावें अशी त्यांची इच्छा होती. परंतु पार्लमेंटच्या सभासदांच्या विनंतीवरून त्यांस वेस्टमिन्स्टर ॲबींत पुरण्यांत आलें. पहिल्या भाषणापासून ह्या दिवसापर्यंत ४४ वर्षें लोटलीं होतीं. कायद्यावर राजाची सही झालेली त्यांनीं पाहिली नाहीं, आणि उमेदवारीचें दुःखहि त्यांस पाहावें लागलें नाहीं.

३. गिरण्यांतील मुलें

दूरच्या बेटांतील गुलामांसाठीं इंग्लंडांत सभा भरत असतां देशांतील कापसाच्या व लोंकरीच्या गिरण्यांत लहान मुलें बारा बारा, चौदा चौदा तास उभीं असत. रिचर्ड ओस्टलर यांनीं १८३० सालीं एका वर्तमानपत्रांत पत्र लिहून यॉर्कशरच्या लोकांस विचारलें कीं, समुद्रापलीकडच्या गुलामांची कींव करणाऱ्या आपल्यास आपल्याच दारची गुलामगिरी दिसत नाहीं काय? १८३२ सालीं मायकेल सॅडलर यांच्या कमिटीपुढें साक्षी झाल्या. कामाच्या गर्दीच्या दिवसांत पहाटे तीन वाजतां गिरणींत जाऊन रात्रीं दहाच्या पुढें सुटणाऱ्या मुलींच्या बापानें साक्ष दिली. झोपेंत असलेल्या मुलांस हलवून जागें करावें लागे, आणि जेवतां जेवतां त्यांचा डोळा लागे.

१८३३ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, नऊ वर्षांखालील मूल गिरणींत ठेवूं नये. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस दिवसास नऊ तासांहून व अठरा वर्षांखालच्यांस बारा तासांहून अधिक काम देऊं नये. अठरा वर्षांखालच्यांस रात्रपाळी नसावी. आणि लहान मुलांस रोज दोन तास शाळा मिळावी. आज हें वाचून आपणांस वाटेल कीं ही कसली दया! दहा वर्षांच्या मुलास नऊ तास! आणि रेशमाच्या गिरण्यांस तर कांहीं सवलतीहि दिल्या होत्या. तरी ह्या कायद्यांत एक गोष्ट नवी होती. पूर्वींच्या कायद्यांवर देखरेख करणारा खरा अधिकारी कोणी नव्हता, म्हणून ते कागदावरच राहिले. ह्या वेळीं सरकारनें चार पगारी इन्स्पेक्टर नेमले व त्यांस गिरणींत शिरून चौकशी करण्याचा अधिकार दिला. त्यांपैकीं रॉबर्ट रिकर्ड्स हे पूर्वीं मुंबई सरकारच्या नोकरींत होते.

सबंध देशास चार माणसें पुरीं पडत नव्हतीं. शिवाय मुलांच्या जन्माची सरकारी नोंद त्या काळीं होत नसे. ती १८३७ सालीं सुरू झाली. म्हणून डॉक्टरनें मुलाच्या नुसत्या चेहऱ्यावरून व अंगकाठीवरून वय ठरवावें लागे. गरज व लोभ ह्या दोहोंमुळें आठ वर्षांचें मूल नऊचें ठरे. असें असलें तरी इन्स्पेक्टरांचे छापील वृत्तांत दरवर्षीं पार्लमेंटपुढें येऊं लागले, आणि जें झांकलें होतें तें उघडें राहूं लागलें. तरुण लॉर्ड ॲश्ले ह्यांनीं त्याच वर्षीं दहा तासांच्या दिवसासाठीं खटपट केली व ते हरले. तो कायदा व्हावयास १८४७ साल उजाडावें लागलें. मुंबईच्या गिरण्यांपर्यंत ही गोष्ट पोंचण्यास आणखी काळ गेला. हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ सालीं झाला, आणि त्यानें कमींत कमी वय सात वर्षें ठरविलें.

४. शाळांस वीस हजार पौंड, आणि हॅना मोर

त्याच ऑगस्ट महिन्याच्या १७ तारखेस कॉमन्स सभेंत थोडेच सभासद हजर असतां ५० विरुद्ध २६ मतांनीं एक लहानशी रक्कम मंजूर झाली. गरिबांच्या मुलांसाठीं शाळागृहें बांधण्यास २० हजार पौंड! इंग्लंडांतील सामान्य शिक्षणास सरकारी तिजोरींतून मिळालेली ही पहिली मदत होय. गुलामांच्या मालकांस दिलेल्या रकमेचा हा बरोबर हजारावा हिस्सा. ही मदत दोन धार्मिक शिक्षणसंस्थांमार्फत वांटण्यांत आली.

ह्या मदतीपूर्वीं खेड्यांतील गरिबांस अक्षर शिकविणाऱ्यांत हॅना मोर ह्या बाईंचें नांव मोठें आहे. त्यांचा जन्म १७४५ सालीं ब्रिस्टलजवळच्या फिशपाँड्स येथें झाला. विल्बरफोर्स यांच्या प्रोत्साहनानें त्यांनीं व त्यांच्या बहिणींनीं १७८९ सालीं चेडर गांवीं शब्बाथ शाळा उघडली व पुढें मेंडिप डोंगरांतील अनेक खेड्यांत शाळा काढल्या. शिकलेला मजूर शेतांत राबणार नाहीं अशी भीति घालून तेथील शेतकऱ्यांनीं त्यांस विरोध केला. बाईंच्या विचारासहि मर्यादा होती: गरिबांच्या मुलांस वाचावयास शिकवावें, लिहावयास मात्र शिकवूं नये, असें त्यांचें मत होतें. ज्यास लिहितां येतें तो अर्ज करूं शकतो, हें त्यांस पसंत नव्हतें काय, असा प्रश्न आज आपल्या मनांत येतो. परंतु वाचूं लागलेलें मूल एक दिवस लेखणीहि उचलतेंच. ता. ७ सप्टेंबर १८३३ रोजीं वयाच्या ८८ व्या वर्षीं ब्रिस्टलच्या क्लिफ्टन भागांत हॅना मोर मरण पावल्या. पुस्तकें लिहून मिळविलेली सुमारें ३० हजार पौंडांची संपत्ति त्यांनीं धर्मकार्यास व परोपकारास ठेविली.

५. हिंदुस्थानचा कायदा, आणि राजा राममोहन रॉय

त्यानंतर वीसच दिवसांनीं, ता. २७ सप्टेंबर रोजीं, त्याच ब्रिस्टल शहराजवळ स्टेपलटन येथें आणखी एक थोर व्यक्ति मरण पावली. राजा राममोहन रॉय बंगाल्यांतून १८३१ च्या एप्रिल महिन्यांत इंग्लंडास पोंचले होते. दिल्लीच्या बादशहाचें गाऱ्हाणें मांडणें हें त्यांचें एक काम होतें. सतीची चाल बंद करणारा १८२९ चा कायदा रद्द व्हावा म्हणून कित्येकांनीं विलायतेस अपील केलें होतें. त्यास विरोध करणें हें दुसरें. तें अपील १८३२ च्या जुलै महिन्यांत फेंटाळलें गेलें. शिवाय हिंदुस्थानांतील न्याय व जमीनमहसूल यांविषयीं पार्लमेंटच्या कमिटीस त्यांनीं लेखी उत्तरें दिलीं. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांशीं त्यांचा ख्रिस्ती सिद्धांतांवर कडक वाद झाला होता. परंतु विधवांस चितेपासून वांचविण्याच्या कामीं दोघेहि एका बाजूस होते.

ज्या सनदेसाठीं त्यांनीं साक्ष लिहून दिली ती ऑगस्टांत नवी झाली. तिच्या ८७ व्या कलमांत असें आहे कीं, धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण एवढ्याच कारणावरून कोणाहि एतद्देशीयास कंपनीच्या कोणत्याहि जागेस अपात्र समजूं नये. वचन उत्तम होतें. पण तें अमलांत कोणीं आणावें ह्याची कांहींच तजवीज नव्हती. पुढें परीक्षा सुरू झाल्या त्या लंडनमध्यें. म्हणून त्या मोठ्या सनदी नोकरींत पहिला हिंदी मनुष्य, सत्येंद्रनाथ ठाकूर, शिरावयास १८६३ साल यावें लागलें. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली व ते शेवटीं साताऱ्यास जज्ज होते. वचन दिलें त्या दिवसापासून पहिल्या मनुष्यापर्यंत तीस वर्षें!

राममोहन रॉय यांस प्रथम स्टेपलटन येथें, जेथें ते उतरले होते त्या घराच्या बागेंत, झाडांखालीं पुरण्यांत आलें. दहा वर्षांनंतर द्वारकानाथ ठाकूर यांनीं त्यांची शवपेटी ब्रिस्टलच्याच आर्नोस व्हेल दफनभूमींत नेली व वर हिंदुस्थानी घाटाची छत्री उभारविली. ती आजहि तेथें आहे. एके काळीं गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेलें तें बंदर. आणि त्याच्याच आसपास शाळांसाठीं झटणारी इंग्रज बाई व विधवांसाठीं झटणारा बंगाली पुरुष यांनीं एका महिन्यांत देह ठेविला.

६. इतर घटना व मृत्यु

मे महिन्याच्या ६ तारखेस लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वे बांधण्यास पार्लमेंटची परवानगी मिळाली. त्यापूर्वीं अवघे दोन आठवडे, ता. २२ एप्रिल रोजीं, रिचर्ड ट्रेव्हिथिक हे डार्टफर्ड येथें एका खाणावळींत मरण पावले. १८०४ सालीं वेल्स प्रांतांत १० टन लोखंड व ७० माणसें वाहून रुळांवरून चाललेलें वाफेचें इंजिन त्यांनींच केलें होतें. ते निष्कांचन मेले. बरोबरीच्या कामगारांनीं पुढाकार घेऊन त्यांस मूठमाती दिली, आणि त्या जागेवर खुणेचा दगडहि नव्हता. १८५३ सालीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली तीहि त्यांच्याच विद्येची नात होय.

क्वेकर लोक शपथ घेत नाहींत, म्हणून पार्लमेंट त्यांस बंद होतें. ह्या वर्षीं जोसेफ पीझ यांस शपथेऐवजीं प्रतिज्ञेवर बसूं देण्यांत आलें. यहुदी लोकांस तोच हक्क देणारें बिल कॉमन्स सभेंत मंजूर झालें, पण लॉर्ड सभेनें तें फेंटाळलें. प्रसिद्ध नट एडमंड कीन हे १५ मे रोजीं वारले.

७. सारांश

ह्या सर्व गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक शिकवण स्पष्ट होते. कायदा होणें ही मोठी गोष्ट आहे, परंतु ती कामाचा शेवट नव्हे. गुलामांच्या कायद्यानें स्वातंत्र्य कबूल केलें व पैसा धन्यास दिला. सनदेनें समान हक्क कबूल केला व दार बंदच ठेविलें. गिरण्यांच्या कायद्यानें थोडेंच दिलें, पण तें पाहण्यास माणूस नेमला, म्हणून तें थोडें पुढें वाढलें. कोणताहि चांगला कायदा झाल्याचें ऐकल्यावर तीन प्रश्न विचारावे: ह्यांतून कोण वगळला गेला? पैसा कोणाच्या हातीं गेला? आणि हा पाळला जातो कीं नाहीं हें कोण पाहणार? स्टर्ज यांनीं हे प्रश्न विचारले, म्हणून उमेदवारी दोन वर्षें आधीं संपली.

दुसरी गोष्ट मृतांविषयीं. त्या वर्षीं मेलेल्यांत एकास ॲबींत जागा मिळाली, एकास परक्या देशांतील बाग, व एकास बिनखुणेची माती. आणि जमेकाच्या शार्पला तर आदल्याच वर्षीं फांस. जमेका स्वतंत्र झाल्यावर, १९७५ सालीं, त्यानें शार्प यास राष्ट्रीय वीर म्हणून गौरविलें. थडग्यावरून माणसाच्या कामाची किंमत ठरवूं नये, आणि काम करणाऱ्यानें फळ पाहावयास मिळेलच अशी अट घालूं नये.

विचारासाठीं प्रश्न

१. गुलामांच्या मालकांस भरपाई दिली नसती तर कायदा झाला असता काय? दोन्ही बाजूंनीं विचार करा.

२. मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनीं कोणत्या मार्गानें आपलें मत ऐकविलें?

३. मुलांचें वय ठरविण्यास जन्मनोंद कां आवश्यक होती? आपल्या गांवीं ही नोंद कोण ठेवतो?

४. वाचणें शिकवावें पण लिहिणें नको, ह्या मतांत कोणती भीति दडलेली आहे?

५. सनदेच्या ८७ व्या कलमासारखें, दिलेलें पण न पाळलेलें वचन तुमच्या माहितींत आहे काय? तें पाळलें जावें म्हणून काय करतां येईल?